विंचवाची लांबी

विंचवाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात मोठा केवढा? आमच्या घरची बच्चेकंपनीही त्याला अपवाद नाही. मला मात्र हा प्रश्नच फसवा वाटतो. का, ते सांगतो.

नेहमीचं उत्तर म्हणजे येकेलोप्टेरस. जर्मनीत प्र्यूम गावाजवळच्या खाणीत त्याचा ४६ सेंमीचा चिमटा सापडला. २००७ साली त्यावर शोधनिबंध आला आणि जगभरच्या पेपरांत माणसापेक्षा मोठा विंचू अवतरला. अंदाजे लांबी अडीच मीटर, काळ सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. आता गंमत बघा. एक तर हा विंचू नव्हेच! हा युरिप्टेरिड, विंचवाचा लांबचा भाऊबंद. इंग्रजीत यांना 'सी स्कॉर्पियन' म्हणतात म्हणून आपणही 'समुद्री विंचू' करून मोकळे झालो. हा पठ्ठ्या राहायचा बहुधा नदीच्या किंवा खाडीसारख्या निमखाऱ्या पाण्यात. विषारी नांगी नाही, शेपटीचं टोक वल्ह्यासारखं चपटं. आणि ज्या चिमट्यावरून एवढा गाजावाजा झाला, तो अवयवही विंचवाच्या चिमट्याचा नव्हे. विंचवाच्या तोंडापाशी दोन बारीक चिमुकल्या नख्या असतात ना, त्यांचा तो अवाढव्य अवतार.

खऱ्या विंचवांत पल्मोनोस्कॉर्पियस हा स्कॉटलंडचा, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. तो अंदाजे ७० सेंमी, म्हणजे मांजराएवढा धरा. ब्रॉन्टोस्कॉर्पिओ तर त्याहून मोठा, जवळजवळ मीटरभर म्हणतात. पण त्याचं सापडलंय काय, तर चिमट्याचं एक बोट, दहा सेंमीही नाही! त्यावरून आख्खा प्राणी उभा केला. शास्त्रज्ञ अंदाज करतात, तो अंदाज आहे असं सांगतातही, पण 'अंदाजे' हा शब्द बातमीपर्यंत पोचेतो गळून पडतो. अर्जेंटिनातल्या मेगाराक्नेचं उदाहरण घ्या. १९८० साली तो जगातला सर्वांत मोठा कोळी म्हणून जाहीर झाला, पंचवीस वर्षं मिरवला, आणि २००५ साली निघाला युरिप्टेरिड. म्हणजे कोळी गेला आणि तथाकथित विंचू आला. चालायचंच.

आजच्या जिवंत विंचवांत मोठेपणाचा मान बहुतेकदा आपल्या दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या एका काळ्या विंचवाला देतात. शास्त्रीय नाव जायगँटोमेट्रस स्वॅमरडामी, २०२० साली बदललेलं. लांबी २३ सेंमीपर्यंत. दिसायला भयंकर, पण चिमटे एवढे दणकट की भक्ष्य चिरडायला विषाची फारशी गरजच पडत नाही. त्याच्या डंखाने माणूस सहसा मरत नाही.

आणि जो मारतो तो केवढा? कोकणातला लाल विंचू, पाच ते नऊ सेंमी. लाकडाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, रात्री काढून ठेवलेल्या चपलेत. त्याचं विष मज्जातंतूंना असं पेटवतं की हृदयावर भयंकर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विषबाधा झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझं भांडण डायनासोरछाप पुस्तकांशी नाही बरं का, मलाही ती आवडतात. तक्रार एवढीच, की अडीच मीटरवाला आमच्या मुलांना तोंडपाठ असतो आणि बोटाएवढा लाल विंचू ओळखता येत नाही. मांत्रिकाकडे, चुना-तंबाखू लावण्यात जो तास जातो, तोच नेमका मोलाचा असतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार पडणं... ही लक्षणं दिसली की थेट दवाखाना, हे शाळेतल्या पोराला ठाऊक हवं. मराठीत पुढचं 'महाकाय विंचू' पुस्तक कुणी काढलंच, तर त्यांनी येकेलोप्टेरसचं जोडपानी चित्र खुशाल छापावं. फक्त पानाच्या कोपऱ्यात, त्याच्या खऱ्या आकारात, खऱ्या रंगात, आपला लाल विंचूही बसवावा. जागा कितीशी लागणार आहे?