मोकळ्या आवाजातील प्रार्थना

छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये मशीद, गुरुद्वारा आणि कालीबाडी ही प्रार्थनास्थळे एकाच वसाहतीत आहेत. पोलाद कारखान्यात कामासाठी देशभरातून आलेल्या लोकांनी आपली भाषा आणली, तसे आपले देवही आणले. हा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. या मदतीची जाणीव ठेवणे योग्यच आहे. मात्र त्याच राजवटीतून सुटलेली पोलंडची मुले या कराराच्या बारा वर्षे आधी कोल्हापूरजवळ आली होती, हेही आठवणीत असले पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला. त्यानंतर लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडण्यात आले. त्यांत दहा-पंधरा वर्षांची मुले होती. ही मुले कॅथलिक घरांतली. आणि ज्या देशात ती पोहोचली, तेथे १९२९ च्या कायद्याने धर्मसंस्थांना मुलांसाठी खास प्रार्थनासभा भरवण्यासही मनाई केली होती. चर्च नाही, धर्मगुरू नाही. उरली ती आईने शिकवलेली, तोंडपाठ असलेली प्रार्थना.

१९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि नाइलाजाने या पोलिश लोकांची मुक्तता झाली. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. उपासमार, विषमज्वर, अतिसार यांनी वाटेत कितीतरी बळी घेतले. तेव्हा ‘श्रद्धेने मुलांना तारले’ असे म्हणणे सोपे असले, तरी ते न्यायाचे नाही. जी मुले वाटेत मेली, त्यांची श्रद्धा काय कमी होती? श्रद्धेने भाकरी दिली नाही, ताप उतरवला नाही. तिने एवढेच केले, की ज्यांचे घर, गाव आणि कित्येकदा आईवडीलही हिरावले गेले, त्यांना आपण कोण आहोत हे विसरू दिले नाही. हे थोडे नव्हे.

१९४३ पासून कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. तेथे शाळा निघाल्या, बालवीरांची पथके उभी राहिली आणि चर्चही झाले. सायबेरियात ओठांतल्या ओठांत म्हटलेले शब्द आता मोठ्याने म्हणता येऊ लागले. भोवतालच्या मराठी मुलखाचा धर्म निराळा होता, भाषा निराळी होती. तरी त्यांचा उपासनेचा हक्क कोणी हिरावला नाही.

युद्ध संपले, पण पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्वाखालील साम्यवादी सत्ता आली. तेराव्या वर्षी वळिवड्याला आलेले मूल आता अठराच्या घरात होते आणि परतायचे की नाही हा प्रश्न त्याच्यापुढेही होता. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही जण मायदेशी गेले, अनेकांनी ब्रिटन आणि इतर देशांची वाट धरली. काहींच्या कबरी कोल्हापुरातच राहिल्या.