ओमनीत मोठं इंजिन टाकायच्या आधी



आज पिकाचं काही नाही, गाडीचं लिहितोय. गाडी पण आपलं औजारच आहे. माल वेळेवर कल्याणच्या मार्केटला पोचला नाही तर शेतात केलेलं सगळं पाण्यात.

गेल्या महिन्यात तीन जणांनी मला एकच गोष्ट विचारली. जुन्या ओमनीत एस्टीमचं नाहीतर ईकोचं इंजिन घरीच बसवलं तर कसं होईल? त्यातला एक माझा सख्खा पुतण्या. त्याची ओमनी १९९८ची, कार्बोरेटरवाली. त्याने चैनकुप्पी पण भाड्याने बघून ठेवली, आंब्याच्या झाडाची फांदी हेरून ठेवली इंजिन उचलायला. मला म्हणतो, "काका, माळशेजला गाडी मरते. दुसऱ्या गिअरवर पण चढत नाय. आता मोठं इंजिनच टाकतो."

माझं मत आधीच सांगून टाकतो. नका टाकू. मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण पॉवर टिलर, डिझेल पंप आणि घरची ओमनी यांची इंजिनं मी स्वतः खोलून बसवलीत, त्यामुळे हात काळे न करता बोलतोय असं नाही. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी निदान पुढचं वाचून मग चैनकुप्पी लावा.

पहिली गोष्ट. ही गाडी मुळात जपानची, सुझुकी कॅरी. तिकडे छोट्या गाड्यांना कर कमी, पण इंजिनाला सरकारची मर्यादा. त्या काळात ५५० सीसी. म्हणजे हा सांगाडा साडेपाचशे सीसीच्या इंजिनाचा हिशोब धरून केलेला. बाहेरच्या देशांसाठी त्यांनी त्यातच ८०० सीसीच्या आसपासचं इंजिन बसवलं आणि १९८४ला मारुती व्हॅन म्हणून आपल्याकडे आली ती ७९६ सीसी घेऊन. तर भावांनो, आपल्या ओमनीत मोठं इंजिन आधीच टाकलेलं आहे, आणि ते कंपनीने टाकलंय, सगळं मोजूनमापून. आता त्यावर तुम्ही १२०० नाहीतर १३०० सीसी टाकणार.

आकड्यात बघा. ओमनीचं इंजिन तीन सिलिंडरचं, ताकद साधारण ३५ हॉर्सपॉवर. २०२२ पर्यंतच्या ईकोचं १२०० सीसीचं चार सिलिंडरचं, ७३ च्या घरात. दुपटीच्या वर. ओढ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात, ती पण दीडपटीच्या पुढे जाते. आता ही ओढ इंजिनातून निघून क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, क्रॉस, हौसिंग, एक्सल, टायर अशी जाते. पहिल्या गिअरला तर ती कितीतरी पटीने वाढून मागे जाते. पंचवीस वर्षं चाललेला क्रॉस आणि मागचं हौसिंग हे सगळं ३५ हॉर्सपॉवरच्या हिशोबाचं. भरल्या गाडीत, चिखलात, जोरात क्लच सोडला की काय तुटेल ते सांगता येत नाही. फक्त शेतात तुटलं तर नशीब समजा, घाटात तुटलं तर नाही.

आपल्यातल्या पंपवाल्यांना हे लगेच कळेल. आमच्याकडे एकाने तीनची मोटर काढून पाचची बसवली, पाईप तोच जुना दोन इंची. पाणी थोडंसंच वाढलं. बिल वाढलं आणि पाईपाचे जोड सुटायला लागले. पाणी दुप्पट ढकलायला गेलं तर पाईपातलं घर्षण जवळपास चौपट होतं. मोटर बदलली पण पाईप तोच राहिला, तर जोर कुठे जाणार? गाडीचं पण तसंच आहे.

आता ब्रेक. हे नीट वाचा, कारण माणसं इथेच मरतात. ४० च्या वेगाने चाललेली गाडी थांबवायला जेवढं काम ब्रेकला पडतं, त्याच्या सव्वादोन पट काम ६० च्या वेगाला पडतं आणि ८० ला चौपट. वेग दुप्पट झाला की काम दुप्पट होत नाही, चौपट होतं. मोठं इंजिन टाकणारा माणूस ४० ने चालवायला टाकत नाही. चढायला ताकद मिळाली की तो माल पण जास्त भरतो. मग तोच माल घेऊन उतरायचं कोणत्या ब्रेकवर? ओमनीला टायर १२ इंची. तिच्या चाकात जेवढा ब्रेक मावतो तेवढाच. ईकोला कंपनीने १३ इंची चाक दिलंय, गाडीचं वजन जास्त ठेवलंय, ब्रेक त्या मापाचे दिलेत. ते उगाच नाही दिलेलं. पुतण्याला मी विचारलं, इंजिन टाकतोस, ब्रेक कुठले टाकणार? तर म्हणे ब्रेक चांगले लागतात. लागतात ते आत्ताच्या इंजिनाला लागतात रे बाबा.

आणि ओमनीत इंजिन असतं कुठे? आपल्या बुडाखाली. पुढच्या सीटखाली लांबीत आणि तिरकं बसवलेलं. एस्टीमचं इंजिन बोनेटखाली आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. म्हणजे ते नुसतं उचलून ठेवलं की झालं असं नाही. गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही, माउंटिंग नवीन करावे लागतात, पत्रा कापावा लागतो. ईकोचं इंजिन त्यातल्या त्यात सोयीचं, कारण ते पण सीटखाली लांबीतच असतं आणि मागची चाकं फिरवतं. पण त्याच्यासोबत त्याचा पाच गिअरचा बॉक्स आला, वायरिंग आलं, कॉम्प्युटर आला, सेन्सर आले. शाफ्ट लेथवर कापून जोडायचा आणि बॅलन्स करायचा. बॅलन्स नीट नाही झाला तर गाडी थरथरते आणि महिन्याभरात क्रॉस खाते.

सगळ्यात वाईट भाग पेट्रोलचा आहे. १९९८ च्या कार्बोरेटर गाडीत पेट्रोलचा दाब अगदी कमी असतो. साधी रबरी नळी, साधी क्लिप, चालून जातं. इंजेक्शनच्या इंजिनाला टाकीपासून जोराचा पंप लागतो, दाब दहा पटीच्या आसपास जातो. तिथे जुनीच नळी आणि तीच क्लिप ठेवली तर नळी फुगते, क्लिपपाशी भेग जाते आणि पेट्रोल बारीक फवाऱ्यासारखं उडतं. फवारणीच्या पंपाचा नोझल बघितलाय ना, अगदी तसं. खाली गरम सायलेन्सरचा पाईप, वर सीट आणि सीटवर आपण. इंजिनावरचं झाकण पण मग पूर्ण बसत नाही, फटीतून धूर आत येतो. पावसात काचा बंद करून चालवताना हा धूर वासाने लगेच कळेलच असं नाही. डोकं जड झालं की आपण म्हणतो झोप झाली नाही.

लावणीच्या दिवसात याच गाडीतून मागे सात-आठ बाया शेतावर जातात. कायद्याने किती बसवायच्या तो वेगळा विषय, पण जातात हे सगळ्यांना माहीत आहे. सरकता दरवाजा एका बाजूचा अडकतो ते पण माहीत आहे. त्यांना कोणी विचारून इंजिन बदलत नाही.

कोणी म्हणेल, काका, पूर्वी तर सर्रास जीपला आणि अँबेसेडरला दुसरी इंजिनं टाकायचे. खरंय. पेट्रोलची जीप घ्यायची आणि त्यात डिझेल इंजिन, मॅटाडोरचं नाहीतर दुसरं कुठलं, बसवायचं. आमच्या पट्ट्यात पण अशा जीपा होत्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. पण त्यात बदललं काय होतं? ताकद जवळपास तेवढीच राहिली, कधी कमीच झाली. डिझेल स्वस्त होतं म्हणून बदललं. आणि जीपला खाली वेगळी जाड चासी होती, वरची बॉडी काढली तरी चालली असती. ओमनीला तसली चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळं पेलते. आणि २५ पावसाळे खाल्लेला पत्रा कसा असतो ते आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आरपार जातो. त्याच्यावर माउंटिंग वेल्ड करणार?

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पण हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त सीएनजी-एलपीजी किट बसवून आरसीवर नोंद करून घेता येते, ती वेगळी वाट आहे. इंजिन अगदीच गेलं असेल तर त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन, पावतीसह, आणि आरटीओत नंबरची नोंद. भंगार बाजारातून घेतलेल्या इंजिनाला कागद नसेल तर ते कुठल्या गाडीचं आहे, चोरीचं आहे का, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त. आरसीवर ७९६ सीसी आणि आत १२०० सीसी, अशा गाडीने कोणाला ठोकलं तर विमा कंपनी हात वर करायला बघणार, किंवा समोरच्याला पैसे देऊन ते आपल्याकडून वसूल करायला बघणार. तेव्हा विकायला काय आहे आपल्याकडे? जमीनच. आंबिवली-टिटवाळ्याकडे आता गुंठ्याला काय भाव आलाय ते माहीत असलेले लोक लगेच हजर होतील.

बरं, मग पुतण्याच्या गाडीला घाटात झालं काय? आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. तो जुन्नर-नारायणगावकडे माल घेऊन जातो, वर्षातून चार-पाच वेळा. बाकी रोजचा धंदा आंबिवली ते कल्याण, सगळा सपाट रस्ता, शहाडला ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं. तिथे ३५ हॉर्सपॉवर पण जास्तच होते. जाताना गाडीत २५ क्रेट, क्रेटला २२ किलो धरले तर साडेपाचशे किलो. वर तो, त्याचा मित्र आणि टपावर दोन गोण्या. गाडी मरणार नाही तर काय करणार? आरसी काढा, त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं. मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असतं. वजाबाकी करा आणि त्यातून बसणारी माणसं पण वजा करा. उरेल तेवढाच माल.

त्या चार-पाच खेपांसाठी पिकअप भाड्याने करावी, भाडं तीन शेतकऱ्यांत वाटून घ्यावं. आणि रोजचाच माल वाढला असेल तर जुनी ईको बघावी, कागद चोख असलेली. ओमनी तर कंपनीनेच २०१९ मध्ये बंद केली, नवीन सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हती म्हणून. त्या सांगाड्यावर आता इंजिन, बॉक्स, वायरिंग, लेथ, वेल्डिंग यांचा खर्च करायचा आणि वर २०२८ ला परत पासिंगला उभं राहायचं, इंजिन नंबर जुळत नाही म्हणून परत यायचं. मला हे पटत नाही.

दुसरं म्हणजे ती ओमनी ३५ हॉर्सपॉवर तरी देत होती का? आम्ही कॉम्प्रेशन बघितलं. तीन सिलिंडरपैकी मधला बराच खाली. एअर फिल्टर मातीने भरलेला, आत वाळलेलं गवत. क्लच प्लेट घासून गेलेली, मागच्या चाकाचा ब्रेक धरून राहत होता, टायरमध्ये हवा कमी. ब्रेक धरलेल्या गाडीला कितीही मोठं इंजिन टाका, ती ब्रेकच ओढत बसणार. गाडी ढकलून बघायची, सपाटीवर एका माणसाने हलली पाहिजे. आमच्याने दोघांनी हलत नव्हती.

पुतण्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्याच आंब्याला चैनकुप्पी लावली आणि त्याचंच इंजिन उतरवलं. ब्लॉक आता लेथवाल्याकडे बोअरिंगला गेलाय, हेडचे वॉल्व ग्राइंड करून आलेत. ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागचे ब्रेक शू आणि पाट्यांचे बुश एवढं सामान लागणार आहे. कार्बोरेटरचे जेट मी साफ करून ठेवलेत. एक अडचण आहे. कार्बोरेटरचं चांगल्या प्रतीचं रिपेअर किट मिळत नाहीये, बाजारात आलेल्याचं डायफ्रॅम कडक आहे. कल्याण-भिवंडीकडे कोणाला चांगलं मिळालं असेल तर दुकानाचा पत्ता कळवा.

बसवून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर निम्म्या मालावर चालवणार. त्यानंतर क्रेट मोजून माळशेज चढवू, आणि किती क्रेटला कुठल्या गिअरवर चढली ते इथे लिहीन.