ज्येष्ठांचे आरोग्य : हाडांत मुरलेले शिसे

कोराडीहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘मामाजींचे वय ७४. नागपुरात छापखान्याचे खिळे ओतण्यात त्यांची उमेद गेली. आता ते तलावावर मासे धरणाऱ्या मंडळींना जाळ्याचे शिशाचे मणी ओतून देतात. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या आणि जपून ठेवलेले खिळे मागच्या पडवीत चुलीवर वितळवितात. अलीकडे त्यांचे पोट दुखते, शौचास साफ होत नाही, थकवा येतो, चिडचिड वाढली आहे. सगळे म्हणतात, वय झाले. चार वर्षांचा नातू दिवसभर त्यांच्याजवळ असतो. काळजी करावी का?’

करावी, आणि पडवीतली ती चूल आजच बंद करावी.

प्रथम मामाजींची विद्या समजून घेऊ. शुद्ध शिसे इतके मऊ असते की त्यावर नखाचा ओरखडा उठतो. त्याचा खिळा छपाईच्या दाबाखाली चेपून जाईल. म्हणून शिशात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने मिश्रण कठीण होते व थिजताना कमी आकसते, त्यामुळे अक्षराच्या कडा रेखीव उतरतात. कथिलाने रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत वाहतो. ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत शंभर भागांपैकी शिसे सुमारे ८४, अँटिमनी १२ व कथील ४ भाग असे. हाती जुळविण्याच्या खिळ्यांत अँटिमनी याहून अधिक. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक अक्षरांमागे हेच धातुशास्त्र होते. लायनोटाइपच्या एका भागात मऊ शिशाचे चार भाग घातले की अँटिमनी २.४ टक्क्यांवर येते आणि मधला कठीणपणा मिळतो. जाळ्याचा मणी खडकावर चेपू नये, पण ठिसूळही होऊ नये, म्हणून मामाजी जुने खिळे बेताने घालतात, ते याच हिशेबाने.

हिशेब अचूक आहे. धोका मात्र त्यात दिसत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर उष्णता किती वाढली हे डोळ्यांना कळत नाही, आणि जितकी ती अधिक तितकी वाफ अधिक. बॅटरीच्या पट्ट्यांवर आम्लाचे अवशेष असतात, क्वचित आर्सेनिकही. त्याहून फसवी ती रसावर येणारी करडी साय. ती काढून टाकली की तिची भुकटी जमिनीवर, धोतरावर, तळहातावर बसते. त्याच तळहातावर खर्रा घेतला की शिसे थेट पोटात जाते. रांगत्या-खेळत्या मुलांचे हात तर सदैव तोंडात. पोटात गेलेल्या शिशाचा अंश मुले प्रौढांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ज्ञात नाही.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रौढ शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत जाऊन बसते व तेथे दशकानुदशके राहते. उतारवयात हाडे विरळ होऊ लागली की ते पुन्हा रक्तात उतरते. तिशीत घेतलेले शिसे सत्तरीत त्रास देऊ शकते ते असे. रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडे मंदावणे, पंडुरोग, हातापायांना मुंग्या येणे ही त्याची रूपे. मामाजींच्या तक्रारींना इतर कारणेही असू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यांचा जुना व्यवसाय आणि आजचा उद्योग दोन्ही आवर्जून सांगावेत. विचारल्यावाचून ही माहिती पुष्कळदा मागेच राहते.

मामाजी व नातू दोघांच्याही रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातील आकडा मुख्यतः अलीकडचा संपर्क दाखवितो, हाडांतला साठा नव्हे; तेव्हा हिमोग्लोबिन, रक्तदाब व मूत्रपिंडांची तपासणीही हवी. शिसे बाहेर काढणारी औषधे केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावीत. भस्मे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पडवी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत द्याव्यात. दूध-गुळाने शिसे धुऊन निघते, हा समज खरा नाही. मात्र आहारात चुना आणि लोह पुरेसे असल्यास शिसे कमी शोषले जाते. दूध, तीळ, पालेभाज्या, लिंबू नियमित असावे. मामाजींना रोज चालते ठेवावे, कारण दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यास हाडांची झीज वाढते व शिसेही सुटते.

राहिला प्रश्न त्यांच्या मनाचा. ज्या हातांनी आयुष्यभर अक्षरे ओतली, त्यांना ‘हे सोडा’ एवढेच म्हणणे कठोर होईल. जाळ्याला भाजक्या मातीचे मणीही लावता येतात. तो साचा मामाजींनीच घडवावा. आणि बंदी घालताना कारण नातवाचे सांगावे. स्वतःच्या प्रकृतीसाठी न ऐकणारे आजोबा नातवासाठी ऐकतात, असा अनुभव आहे.