स्क्रबर दाखवायचा की चालवायचा?

प्लेटिंग, पिकलिंग, ॲनोडायझिंग करणाऱ्या आपल्या बांधवांच्या कारखान्यामागे प्लास्टिकचा किंवा फायबरचा एक मनोरा उभा असतो. भिवंडी-मालेगावच्या सायझिंगमध्ये बॉयलरच्या चिमणीला जोडलेला त्याचाच लोखंडी भाऊ दिसतो. हाच स्क्रबर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रासाठी तो घेतलेला असतो, आणि पुष्कळ ठिकाणी साहेब येणार अशी खबर लागली म्हणजेच त्याचा पंप सुरू होतो. एरवी पंखा फिरत असतो, पाणी मात्र बंद. म्हणजे ॲसिडचा धूर धुतला न जाता नुसता उंचावर नेऊन सोडला जातो. काही ठिकाणी पंखाही बंद असतो.

असा स्क्रबर चालत नाही म्हटले की फॅब्रिकेटर लगेच सांगतो, शेठ, हा लहान पडला, मोठा बसवा. आमचे मत याच्या उलट आहे. आहे तोच आधी नीट चालवून पाहावा. बहुतेक बिघाड पाण्याचे, गाळाचे आणि पट्ट्याचे असतात; मनोऱ्याच्या आकाराचे क्वचितच असतात.

यंत्र साधे आहे. खालून धूर वर जातो, वरून फवाऱ्यांचे पाणी खाली येते, आणि मधल्या प्लास्टिकच्या कड्यांच्या थरावर दोघांची गाठ पडते. 1836 साली इंग्लंडात विल्यम गॉसेज या सोडा कारखानदाराने झाडाझुडपांच्या काटक्या भरलेल्या मनोऱ्यात हेच केले होते. तेथे 1863 च्या कायद्याने सोडा कारखान्यांना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा 95 टक्के वायू पकडणे सक्तीचे झाले. कारखानदारांनी कुरकुर केली, पण पुढे ते पकडलेले ॲसिडच ब्लीचिंग पावडरच्या धंद्यात उपयोगी पडले. आपल्याकडे क्रोमच्या हौदाचे असेच आहे. त्याचा धूर साध्या पाण्याने धुवावा, कॉस्टिक टाकू नये. स्वच्छ पाणी वापरले असेल तर ते क्रोमयुक्त पाणी हौदात वाफेने घटलेल्या पाण्याच्या जागी परत घालता येते. क्रोमिक ॲसिडचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला याहून अधिक सांगायला नको.

आता बिघाड ओळखण्याचे. डॉक्टरजवळ स्टेथोस्कोप, तशी स्क्रबरजवळ पाण्याची यू-नळी हवी. पारदर्शक नळी यूसारखी वाकवून फळीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे. एक टोक कड्यांच्या थराखाली जोडावे, दुसरे थराच्या वर. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जितके मिलिमीटर अंतर तितका दाब कड्यांच्या थरात खर्ची पडतो. स्क्रबर स्वच्छ असताना व पाणी पूर्ण चालू असताना हे अंतर किती होते ते भिंतीवर रंगवून ठेवावे. नवा स्क्रबर घेताना फॅब्रिकेटरकडून हा आकडा लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

अंतर हळूहळू वाढत गेले तर कड्यांवर क्षार किंवा गाळ बसला असे समजावे. त्याच वेळी पंख्याच्या मोटरचे ॲम्पिअर उतरले असतील तर खात्रीच. कारण वाट तुंबली की पंखा हवा कमी ओढतो आणि मोटरवरचा भार हलका होतो. मोटर कमी वीज घेते म्हणून खूश होणारे मालक आम्ही पाहिले आहेत! उलट अंतर एकदम घटले तर पाणी कड्यांवर पोहोचत नाही, कडे खचून हवेने एका बाजूने वाट काढली, अथवा पंख्याचा पट्टा सरकतो आहे, यांपैकी काहीतरी आहे. मग पंपाच्या नळावरचे दाबमापक पाहावे. तेथे दाब नेहमीपेक्षा चढलेला असेल तर फवाऱ्यांची भोके बुजली. उतरलेला असेल तर पंपाआधीची गाळणी तुंबली, फवारे झिजून मोठे झाले किंवा आत एखादा नळ निखळला.

मनोरा चालू असून चिमणीभोवतीच्या पत्र्यावर थेंब पडत असतील, तर दोष वरच्या थेंब अडवणाऱ्या जाळीत शोधावा. ती बुजलेली असते वा जागेवरून उठलेली असते. चिमणीतून पांढरी वाफ निघून थोड्या अंतरावर विरून जाते, तिला घाबरण्याचे कारण नाही. पिवळसर किंवा निळसर पट्टा दूरपर्यंत तसाच टिकत असेल तर मात्र तो धूरच.

ॲसिडच्या धुरासाठी टाकीतील पाण्याचा पीएच साधारण 9 च्या आसपास ठेवावा. सकाळ-दुपार कागदाची एक पट्टी बुडवून पाहिली की झाले. जास्त कॉस्टिक म्हणजे जास्त सफाई, ही समजूत चुकीची आहे. फार चढलेले पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइडही खाते, आणि बोअरचे जड पाणी असेल तर कड्यांवर चुन्याचा थर चढतो. रोज थोडे जुने पाणी काढून नवे घालावे. काढलेले पाणी गटारात सोडले तर हवेतला गुन्हा पाण्यात नेऊन केल्यासारखे होईल. ते आपल्या सांडपाण्याच्या प्रक्रियेतूनच गेले पाहिजे.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. सायनाइडच्या हौदाचा आणि ॲसिडच्या हौदाचा धूर एकाच नळीत कधीही जोडू नये, आणि सायनाइडच्या स्क्रबरमधला क्षार ॲसिडने धुऊ नये. दोघे भेटले की हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. सफाईसाठी कोणीही एकट्याने मनोऱ्यात उतरू नये. आत कोणी पडला तर त्याला काढायला दुसऱ्याने तसेच आत शिरणे म्हणजे दोन जीव जाणे.

चालवण्याचा खर्च कोणासाठी करायचा, असे काहीजण विचारतात. क्रोमियमच्या धुराने नाकाच्या पडद्याला भोक पडते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 साली षट्संयुजी क्रोमियम आणि 1992 साली तीव्र ॲसिडचा तुषार, दोन्ही कर्करोगकारक ठरवले. लहान कारखान्यात हौदावर मालकाचा भाऊ किंवा भाचाच उभा असतो, हे सांगायची गरज नाही. शिवाय तोच धूर तयार मालावर डाग पाडतो, छपराचे पत्रे खातो आणि रेक्टिफायरही सोडत नाही. मनोरा उत्तम चालू असून हौदाजवळ धूर भरत असेल, तर रेक्टिफायर बंद करून, जवळ थिनर नाही याची खात्री करून, हौदाच्या काठावर उदबत्ती धरावी. तिचा धूर शोषक तोंडाकडे वळला नाही तर दोष नळीत आहे, मनोऱ्यात नव्हे.

कायद्याचेही पाहू. प्लेटिंगचा धंदा लाल यादीत मोडतो. 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम 31-अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचा व वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. 2023 च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगाची भीती बरीच कमी झाली, पण दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत गेला. मोठा कारखाना तो भरून मोकळा होईल. चार हौदांच्या दुकानाने कसा भरायचा?

यासाठी एका माणसाच्या नावाने वही करावी: यू-नळीचे अंतर, पंपाचा दाब, पीएच, मोटरचे ॲम्पिअर. दिवसाला पाच मिनिटांचे काम. आणि ईदला कारखाना आठवडाभर बंद ठेवताना टाकी तशीच भरलेली सोडू नये. पाणी वाळते, फवाऱ्यांत क्षाराचे खडे होतात. ते पाणी प्रक्रियेला पाठवून साधे पाणी तासभर फिरवावे, मग पंप बंद करावा. सुट्टीनंतर आधी पंप, मग पंखा, आणि यू-नळी भिंतीवरच्या खुणेला आली की मगच हौद तापवावेत.