घरातले यंत्र : जुन्या खेळांसाठी स्वस्त आणि शांत कार्ड

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून पितळी भांड्यांबरोबर अलीकडे पुष्कळ घरांतून एक जुना संगणकही खाली येतो. थोरला मुलगा अभियांत्रिकीला असताना तो घेतलेला असतो. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस गेल्यावर त्यावर चादर पडलेली असते. धूळ पुसून तो सुरू केला, की धाकट्याला ‘एज ऑफ एम्पायर्स’ आठवते, वडिलांना ‘रोड रॅश’ आठवतो आणि मग घरात एक विचार डोके वर काढतो : यात एखादे स्वस्तसे ग्राफिक्स कार्ड बसवावे काय?

बेळगाव-निपाणी भागातील वाचकांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे संगणक बहुधा स्वतंत्र खोलीत नसतो. तो माजघरात किंवा बाहेरच्या सोप्यात असतो. त्याच जागी रात्री आजी झोपलेल्या असतात आणि दहावीची मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असते. तेथे घरघरणारे यंत्र आणून बसविले, तर चार दिवसांत खेळ बंद पडतो आणि घातलेले पैसेही वाया जातात. म्हणून कार्ड स्वस्त हवे आणि शांतही हवे, ही मागणी अगदी रास्त आहे. ती कशी पुरी करावी, याचा विचार या महिन्यात करू.

प्रथम हे कार्ड करते काय, ते थोडक्यात पाहू. संगणकाने केलेल्या आकडेमोडीचे पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम त्याच्याकडे असते. आपल्या लोकांना अशा कार्डाचा परिचय खेळांच्याही आधी दुसऱ्या कारणाने झाला होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेल्या कामातून ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार झाले. डॉसवर चालणाऱ्या संगणकात ते बसविले, की पडद्यावर देवनागरी उमटे, आणि त्याच कार्डातून कन्नडही उमटे. दोन लिप्यांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या प्रदेशाला ही गोष्ट विशेष वाटावी अशीच आहे. आज लिपीसाठी वेगळे कार्ड लागत नाही. खेळासाठी मात्र कधी लागते, कधी लागत नाही.

आणि खरी काटकसर या ‘लागत नाही’पासूनच सुरू होते. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ चा. ‘व्हाइस सिटी’ संगणकावर २००३ मध्ये आला आणि त्याला ३२ मेगाबाइट स्मृतीचे कार्ड पुरत असे. गेल्या आठ-दहा वर्षांतील इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्रांची सोय अंगचीच असते. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर ती नसते. एएमडीच्या रायझन मालिकेत, जुन्या पिढ्यांपुरते बोलायचे तर, नावाशेवटी ‘जी’ असलेल्या प्रोसेसरांत ती असते. २००५ च्या आधीचे खेळ या अंगच्या सोयीवर सुखाने चालतात. अशा संगणकात रॅमची एकच पट्टी असेल, तर तितक्याच क्षमतेची दुसरी पट्टी जोडावी. अंगची चित्रसोय रॅमवरच अवलंबून असल्यामुळे तिचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो, आणि पट्टीला पंखा नसल्याने आवाजाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी सावधगिरी अशी, की जुना खेळ चालत नाही म्हणजे दोष कार्डाचाच असतो असे नाही. २००० नंतरच्या अनेक खेळांच्या तबकड्यांवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. विंडोज १० मध्ये त्या कुलपाची सोय ठेवलेली नाही आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आधीच्या विंडोजमध्येही ती बंद केली. असा खेळ कितीही महाग कार्ड घातले तरी त्या तबकडीवरून सुरू होणार नाही. त्याची कुलूप नसलेली आवृत्तीच विकत घ्यावी लागते. काही खेळ २५६ रंगांच्या जुन्या पद्धतीचे असल्याने नव्या विंडोजवर त्यांचे रंग विस्कटतात. त्यावर ‘डीजीव्हूडू’सारखे विनामूल्य साधन उपयोगी पडते. ते जुन्या खेळाची भाषा नव्या कार्डाला समजावून सांगते. डॉसच्या काळातील खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ आहे. हे उपाय आधी करून पाहावेत आणि मगच पाकिटाला हात घालावा.

एवढे करूनही कार्ड हवेच असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी घरीच संगणकाचे कॅबिनेट उघडून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली वीज. मदरबोर्डावरील लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि जुन्या असेंबल केलेल्या संगणकांतील स्वस्त एसएमपीएसवर तो भार टाकणे धोक्याचे असते. म्हणून ७५ वॅटच्या आत राहणारे आणि वेगळी वायर न मागणारे कार्ड हीच आपली लक्ष्मणरेषा समजावी. सुदैवाने, जे कमी वीज खाते तेच कमी तापते, आणि जे कमी तापते तेच शांत राहते.

दुसरी गोष्ट जागेची. कार्यालयातून निवृत्त झालेले बारीक अंगाचे संगणक हल्ली स्वस्तात मिळतात, परंतु त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. त्यांना कमी उंचीचे, ‘लो प्रोफाइल’ कार्ड आणि त्याची आखूड पट्टी लागते.

तिसरी गोष्ट मॉनिटरची, आणि नेमकी तीच पुष्कळजण विसरतात. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीए वायर असते. २०१६ नंतर आलेल्या बहुतेक कार्डांवर ती जोडण्याची सोय नाही. मॉनिटरवर एचडीएमआय नसेल, तर कनव्हर्टरचा खर्चही हिशेबात धरावा.

आता प्रत्यक्ष कार्डांकडे वळू. ‘जीटी ७१०’ हे १९ वॅटचे छोटे कार्ड बिनपंख्याच्या रूपातही मिळते आणि त्यावर बहुधा व्हीजीएही असते. परंतु ते फार अशक्त आहे. ज्या संगणकात अंगची चित्रसोय अजिबात नाही किंवा बिघडली आहे, त्यालाच ते घ्यावे. त्याच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले.

‘जीटी १०३०’ हे २०१७ चे, ३० वॅटचे कार्ड. याचेही बिनपंख्याचे नमुने निघाले. २०१२ पर्यंतचे बहुतेक खेळ ते नीट चालविते आणि आपल्या मागणीस ते सर्वांत जवळचे आहे. मात्र येथे एक खड्डा आहे. २०१८ मध्ये याच नावाने ‘डीडीआर ४’ स्मृतीचा दुसरा प्रकार बाजारात आला. मूळच्या ‘जीडीडीआर ५’ प्रकारात स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट आहे, दुसऱ्यात तो १७ च्याही आत आहे. खोक्यावर नाव एकच, काम मात्र पुष्कळ उणे. म्हणून खोक्यावर ‘जीडीडीआर ५’ ही अक्षरे स्वतः वाचल्याविना पैसे देऊ नयेत.

‘जीटीएक्स ७५० टीआय’ हे २०१४ चे, ६० वॅटचे, आणि ‘जीटीएक्स १०५० टीआय’ हे २०१६ चे, ७५ वॅटचे. ही दोन्ही आता सेकंडहँडच पाहावी लागतात. २०१५ च्या सुमाराचे ‘जीटीए ५’सारखे खेळ खेळायचे असतील, तर दुसरे उत्तम. त्याच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही. एखाद्याने जुन्या खेळांसाठी मुद्दाम विंडोज एक्सपी राखले असेल, तर त्याला ‘७५० टीआय’च उपयोगी, कारण एक्सपीचे ड्रायव्हर त्याला मिळतात आणि ‘१०५० टीआय’ला मिळत नाहीत. एएमडीचे २०१७ चे ‘आरएक्स ५५०’, ५० वॅटचे, हेही या पंक्तीत बसते.

एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर १०३०, ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्या पिढ्यांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे थांबविले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. नव्या खेळांच्या मागे लागणाऱ्याला ही बातमी वाईट. ज्याचे खेळ वीस वर्षांपूर्वीच पूर्ण झाले आहेत त्याचे यात काही बिघडत नाही, उलट अशा कार्डांचा भाव उतरण्याचीच शक्यता आहे.

नवे तेच चांगले, हा समज येथे सोडावा लागतो. २०२२ चे ‘आरएक्स ६४००’ ५३ वॅटचे असले तरी मदरबोर्डाशी बोलण्याचे चारच मार्ग वापरते आणि जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग घटतो. इंटेलची त्याच वर्षीची ‘आर्क’ कार्डे जुन्या पद्धतीचे खेळ भाषांतर करून चालवितात, शिवाय त्यांना पूर्ण वेगासाठी नव्या मदरबोर्डाची सोय लागते. जुन्या संगणकाला जुन्या पिढीचे कार्डच अधिक मानवते.

आता शांततेविषयी. वडगाव-शहापुरात मागाच्या खडखडाटात गाढ झोपणारी माणसे आपण पाहिली आहेत. तीच माणसे बोटभर पंख्याच्या किणकिणीने जागी होतात. याचे कारण आवाजाच्या जातीत आहे. एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज कान सोडून देतो. उंच पट्टीतला आणि चढउतार होणारा आवाज तो सोडत नाही. छोटा पंखा वेगाने फिरतो म्हणून उंच स्वरात ओरडतो, मोठा पंखा तितकीच हवा सावकाश ढकलतो. पंखा घ्यायचाच तर मोठा घ्यावा आणि हळू फिरवावा. पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलची घटसुद्धा कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी भासते.

परंतु सर्वांत मोठा उपाय फुकटचा आहे. जुना खेळ सामर्थ्यवान कार्डावर मोकळा सोडला, तर ते सेकंदाला तीन-तीनशे चित्रे काढीत बसते. साधा मॉनिटर त्यांतील ६० च दाखवितो. उरलेल्या चित्रांसाठी कार्ड तापते, पंखा बोंबलतो आणि वीज जाते. खेळात ‘व्ही-सिंक’ सुरू करावे, किंवा एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये चित्रांची कमाल मर्यादा ६० वर बांधावी. ही सोय तेथे २०२० पासून आहे. एवढ्याने अनेक घरांत नव्या कार्डाची गरजच संपते, कारण गोंगाट मूळच्या कार्डाचा नसून त्याच्या व्यर्थ धावपळीचा असतो.

बिनपंख्याचे कार्ड घेणाऱ्यांनी एक जाणावे : त्याची उष्णता कोणीतरी बाहेर न्यावीच लागते. कॅबिनेटमध्ये एक मोठा, संथ पंखा असावा आणि संगणक बंद कपाटात ठेवू नये. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांनी आणि बेळगावात उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्यांनी धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. बेअरिंग गेले, की शांत कार्डही कुरकुरू लागते.

राहिली खरेदी. सीमाभागातील माणसाला एक पाय कोल्हापूरकडे आणि एक बंगळूरकडे ठेवून व्यवहार करण्याची सवय असते. कोणी कोल्हापूरला जाताना चौकशी करतो, कोणी बंगळूरच्या एस. पी. रोडवर असलेल्या भाच्याला सांगून ठेवतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कराचा दर दोन्ही राज्यांत एकच असल्याने केवळ करामुळे पलीकडे स्वस्त मिळेल, हा हिशेब आता जुना झाला. दोन-चारशे रुपयांच्या फरकापेक्षा बिघाड झाल्यास परत कोठे द्यायचे, हा विचार मोठा. जवळच्या दुकानदाराकडून घेतलेले, अनुक्रमांकासह पक्के बिल असलेले कार्ड शेवटी स्वस्तच पडते.

सेकंडहँड घेताना दोन फसवणुकी ओळखाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. ‘आरएक्स ५८०’ हे त्यांतले नेहमीचे नाव. भाव मोहात पाडतो, पण भूक १८५ वॅटची, म्हणजे आपल्या रेषेच्या कितीतरी पलीकडची. दुसरा प्रकार याहून वाईट. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या आत खोटी माहिती भरून ते ‘१०५० टीआय’ म्हणून खपविले जाते. ‘जीपीयू-झेड’ हे विनामूल्य साधन २०१८ पासून अशी एनव्हीडियाची नक्कल ओळखून तिच्या नावापुढे ‘फेक’ अशी खूण दाखविते. विकणाऱ्याच्या समोर, चालू संगणकावर ते उघडून दाखवावयास सांगावे. जो टाळाटाळ करील त्याला नमस्कार करून निघावे. विशेषतः घरातील मुले साठविलेल्या पैशांतून परस्पर अशी खरेदी करतात. त्यांना रागावण्याऐवजी ही एक परीक्षा शिकवून ठेवलेली बरी.

एकंदरीत क्रम असा ठेवावा : आधी खेळाची यादी कागदावर लिहावी, मग अंगची चित्रसोय आणि रॅम पाहावी, चित्रांची मर्यादा बांधून पाहावी आणि तरीही उणीव राहिली तरच ७५ वॅटच्या आतले कार्ड शोधावे. या क्रमाने गेलेल्या बऱ्याच घरांचा खर्च पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच थांबेल. वाचलेल्या पैशांतून दुसरा माउस घ्यावा आणि मॉनिटरसमोर आणखी एक खुर्ची ओढावी. हे खेळ दोघांनी मिळून खेळण्यातच गंमत आहे, आणि शेजारी आजींची झोप मोडली नाही तर ते रोज खेळता येतील.