क्षयरोग, औषध आणि भाकर

सन १८८७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २६ व्या तारखेस पुणें येथें डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें निधन झालें. त्या वेळीं त्यांना बावीस वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं. समुद्रपार जाऊन, लोकनिंदा सोसून, १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी संपादिली होती. परंतु ज्या देशभगिनींसाठीं हा सारा खटाटोप केला, त्यांची सेवा करण्यास आयुष्य उरलें नाहीं. क्षयानें त्यांना नेलें. त्यापूर्वीं पांचच वर्षें, म्हणजे २४ मार्च १८८२ रोजीं, रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें ह्या रोगाचा जंतु आपणांस सांपडल्याचें बर्लिन शहरीं जाहीर केलें होतें. शत्रु ओळखूं आला होता. त्याच्यावर चालविण्याचें शस्त्र मात्र अद्याप कोणाच्याहि हातीं नव्हतें.

आज शस्त्रें पुष्कळ आहेत. असें असतांहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ ह्या एका वर्षांत जगांतील सुमारें १ कोटि ८ लक्ष माणसांना क्षयानें गांठलें, आणि त्यांतील चतुर्थांशाहून अधिक, म्हणजे सुमारें २८ लक्ष, आपल्या भरतखंडांतील होतीं. त्याच वर्षीं तीन लक्षांहून अधिक भारतीय ह्या रोगानें मृत्यु पावले. ज्या रोगावर औषध आहे, तें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि तें बहुधा सहा महिन्यांत गुण देतें, त्या रोगानें एवढीं माणसें मरावीं हें कोडें नव्हे काय? हें कोडें केवळ नव्या औषधानें सुटणार नाहीं. औषधाबरोबर भाकर आणि भाकरीबरोबर माणुसकी दिल्यावांचून तें सुटावयाचें नाहीं, असें माझें नम्र परंतु निश्चित मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

जंतुनाशक औषधें निघण्यापूर्वीं क्षयरोग्यास स्वच्छ हवा, विश्रांति आणि सकस अन्न ह्या तीन गोष्टींचाच आधार असे. म्हणून थंड व मोकळ्या हवेच्या ठिकाणीं आरोग्यधामें निघालीं. आपल्याकडे पांचगणीचें नांव ह्यासाठीं घरोघर ठाऊक होतें. आणि मिरजेच्या मिशन इस्पितळाचे संस्थापक डॉ. वानलेस ह्यांच्या नांवाची वानलेसवाडी तर क्षयरोग्यांचें माहेरघरच मानली जाई. परंतु अशा जागीं जाऊन महिनेच्या महिने राहणें किती जणांना परवडणार? ज्यास रोजच्या मजुरीवर घर चालवावयाचें, त्यानें खाट धरली म्हणजे चूल विझलीच. पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन व १९५२ सालीं आयसोनायझिड हीं औषधें हातीं आलीं, आणि प्रश्न असा उभा राहिला कीं, लाखों रोगी आणि मूठभर खाटा ह्यांचा मेळ घालावयाचा कसा?

ह्या प्रश्नाचें उत्तर साऱ्या जगाला आपल्या देशानें दिलें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावी. १९५६ सालीं मद्रास येथें एक प्रयोग सुरू झाला. शहरांतील गरीब वस्तींतले, दोनशेच्या आंत संख्या असलेले रोगी निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन वर्ग केले. एका वर्गास आरोग्यधामांत खाट, विश्रांति व उत्तम आहार मिळाला. दुसऱ्यास आपल्याच घरीं, दाटीवाटीच्या खोलींत, घरच्या साध्या जेवणावर राहावें लागलें. औषधें दोघांनाहि सारखींच. एका वर्षानें पाहतात तों घरच्या रोग्यांची सुधारणा आरोग्यधामांतील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीची. आणि घरांतील इतर माणसांना त्यांच्यापासून अधिक लागण झाल्याचेंहि दिसलें नाहीं. १९५९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि घरीं राहून क्षयाचा उपचार करण्याची रीत पृथ्वीवर सर्वत्र पसरली. गरिबाला आपलें घरदार सोडावें न लागतां बरें होतां येतें, हें ह्या प्रयोगानें सिद्ध केलें. केवढा हा उपकार!

परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं, एका सत्याचा लाभ झाला म्हणजे तो दुसरें सत्य टाकून देतो. मद्रासच्या प्रयोगांतून पुष्कळांनीं असा अर्थ काढला कीं, औषध असल्यावर अन्नाची चिंता करण्याचें कारण नाहीं. वस्तुतः तो प्रयोग एवढेंच सांगत होता कीं, औषध नियमानें घेणारा रोगी साध्या अन्नावरहि बरा होतो. ज्याच्या घरीं तें साधें अन्नहि पोटभर नाहीं त्याचें काय, आणि रोग्याच्या शेजारीं निजणाऱ्या उपाशी मुलांचें काय, हे प्रश्न तसेच राहिले.

येथें रोगाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. क्षयाचा जंतु हवेंतून येतो. रोगी खोकला, शिंकला किंवा बोलला म्हणजे सूक्ष्म तुषारांबरोबर तो बाहेर पडतो व कोंदट खोलींत बराच वेळ तरंगत राहतो. परंतु ज्याच्या शरीरांत तो शिरला तो प्रत्येक जण आजारी पडतो असें नाहीं; शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसें त्याला जन्मभर कोंडून ठेवतात. शरीराचें रक्षकदळ बळकट आहे तोंपर्यंत हा कैदी निमूट पडून असतो; पहारा ढिला पडला कीं तो उठतो. आणि पहारा ढिला पाडणाऱ्या गोष्टींत मधुमेह, तंबाखू, दारू ह्यांच्या बरोबरीनें, किंबहुना आपल्या देशांत सर्वांच्या पुढें, उभी आहे ती भूक.

ही गोष्ट आतां नुसत्या तर्काची राहिली नाहीं. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २०१९ ते २०२२ ह्या काळांत झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग केला. त्यांत फुप्फुसाच्या क्षयाचे २८०० रोगी आणि त्यांच्या घरचीं दहा हजारांहून अधिक माणसें होतीं. उपचाराच्या आरंभीं रोग्यांचीं वजनें घेतलीं, तेव्हां पांचांपैकीं चार रोगी कुपोषित आढळले. सर्व रोग्यांना औषधाबरोबर महिन्याकाठीं सुमारें १० किलो कोरडा शिधा देण्यांत आला. परंतु निम्म्या विभागांतील कुटुंबांत घरच्या प्रत्येक माणसासाठींहि ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. परिणाम काय झाला? ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, तेथें नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण दुसऱ्या घरांपेक्षां शेंकडा ३९ नें घटलें. आणि थुंकीच्या तपासणींत जंतु सांपडणाऱ्या, म्हणजे निःसंशय सिद्ध झालेल्या, क्षयापुरतें पाहिलें तर शेंकडा ४८ नें. रोग्यांमध्यें ज्यांचें वजन पहिल्या दोन महिन्यांत शेंकडा ५ नें वाढलें, त्यांना मृत्यूचें भय शेंकडा ६१ नें कमी असल्याचें दिसलें. २०२३ सालीं हे निष्कर्ष लॅन्सेट ह्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर आले.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. प्रौढांच्या फुप्फुसाचा क्षय टाळील अशी लस शोधण्यांत शंभर वर्षें गेलीं. १९२१ पासून चालत आलेली बी.सी.जी. लस अर्भकांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वांचविते. परंतु चेंगलपट्टू येथें १९६८ पासून अडीच लक्षांहून अधिक लोकांवर केलेल्या दीर्घ परीक्षेंत ती मोठ्या माणसांचें रक्षण करीत नाहीं असें आढळलें. नव्या लसींच्या चाचण्या अनेक देशांत चालू आहेत आणि त्यांना यश येवो, अशीच आपली प्रार्थना आहे. तोंपर्यंत, जें काम लसीनें व्हावें अशी आपण वाट पाहत आहों, त्याचा मोठा भाग तांदूळ आणि डाळ करूं शकतात!

शुभवर्तमानांतील याईराच्या कन्येची कथा आपण प्रार्थनासभेंत अनेकदां ऐकली आहे. मेलेली म्हणून जिच्यासाठीं रडारड चालली होती, तिचा हात धरून प्रभूनें तिला उठविलें. घरचीं माणसें आश्चर्यानें थक्क झालीं. त्या गडबडींत प्रभूला मात्र एका साध्या गोष्टीचें स्मरण राहिलें: मुलीला कांहीं खावयास द्या, असें त्यानें सांगितलें. चमत्कारानंतरहि मुलीला भूक लागणारच, हें त्या थोर वैद्यानें जाणलें. आपले आजचे चमत्कार औषधाच्या गोळ्यांतून येतात; पण त्यांच्या पुढील आज्ञा आपण विसरतों.

ह्यावर कोणी म्हणतील, "म्हणजे संशोधनाचे पैसे शिध्यावर खर्चावे काय?" असें मुळींच नाहीं. संशोधनाची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. गोव्यांत तयार होणारें ट्रूनॅट नांवाचें लहानसें यंत्र खेड्यांतील दवाखान्यांतहि तासाभराच्या सुमारास जंतूचा छडा लावतें. औषधांस न जुमानणाऱ्या क्षयासाठीं पूर्वीं वर्ष दीड वर्ष, कधीं त्याहूनहि अधिक काळ, उपचार चाले, आणि त्यांतील इंजेक्शनांनीं कित्येकांची श्रवणशक्ति कायमची नष्ट होई. आतां बेडाक्विलिन इत्यादि नव्या गोळ्यांनीं हें काम पुष्कळ रोग्यांत सहा महिन्यांत होऊं लागलें आहे. पण येथेंहि पहा. असल्या उपचारांत श्रवणशक्ति गमावलेल्या दोन तरुणींनीं, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले ह्यांनीं, ह्या औषधावरील एकाधिकाराची मुदत वाढवूं नये म्हणून भारताच्या पेटंट कार्यालयापुढें हरकत घेतली. आणि २०२३ च्या मार्चमध्यें ती मुदतवाढ नाकारण्यांत आली. औषध सांपडलें तरी तें गरिबाच्या ओंजळींत पडण्यासाठीं कोणीतरी झगडावें लागतें. प्रयोगशाळेंतील शोध आणि झोपडींतील रोगी ह्यांच्यामधील अंतर माणसांनींच चालून जावयाचें असतें.

दुसरा आक्षेप असा येतो कीं, फुकट शिध्यानें माणसें आळशी होतात. ज्याच्या बरगड्या मोजतां येतात आणि जो जिना चढतांना दोनदां बसतो, त्याच्याविषयीं हें बोलण्यापूर्वीं आपण आपलें ताट आठवावें. शिवाय भुकेल्या पोटीं ह्या गोळ्या सोसत नाहींत. मळमळतें, उलट्या होतात, आणि मग रोगी त्या बाजूस सारतो. अर्धवट घेतलेलें औषध जंतूला मारीत नाहीं, उलट त्याला शहाणें करितें. मग तोच शहाणा झालेला जंतु तुमच्या आमच्या घरांत येतो. तेव्हां केवळ स्वार्थ पाहिला तरी शेजाऱ्याची भाकर हें आपल्याच मुलांचें चिलखत आहे.

सरकारला ह्याची जाणीव झाली आहे, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. २०१८ पासून प्रत्येक क्षयरोग्यास आहारासाठीं दरमहा ५०० रुपये मिळूं लागले. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. परंतु २०२५ पर्यंत हा रोग देशांतून नाहींसा करण्याचा जो संकल्प २०१८ सालीं सोडला, तो पार पडला नाहीं. २०१५ सालीं लाखामागें २३७ असलेलें रोगाचें प्रमाण २०२४ सालीं १८७ वर आलें. उतरण खरी, पण पायथा अजून दूर आहे. आणि झारखंडच्या प्रयोगाचा मुख्य धडा रोग्याच्या घरच्या माणसांविषयींचा आहे. त्यांच्या ताटाची तजवीज केल्यावांचून तो धडा आपण शिकलों असें म्हणतां येणार नाहीं.

आतां विद्यार्थिमित्रांनो आणि पालकहो, आपल्याविषयीं दोन शब्द. पैशापेक्षांहि दुर्मिळ अशी एक वस्तु क्षयरोग्यास हवी असते. ती म्हणजे उघडपणें आजारी असण्याची मोकळीक. अद्यापहि कित्येक घरीं मुलीचा खोकला लपविला जातो, कारण लग्न मोडेल ही धास्ती. कित्येक तरुण दूरच्या दवाखान्यांत जातात, कारण गल्लींत कळेल ही लाज. आणि लपविण्यांत जे महिने जातात, त्या महिन्यांतच रोग घरभर पसरतो. हा रोग पापाचें फळ नव्हे, कुळाचा डाग नव्हे. ताटवाटीनें तो लागत नाहीं. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याचें भय उरत नाहीं. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारें वजन हीं लक्षणें दिसलीं तर वडील माणसांनीं लाज सोडून तपासणी करावी. आणि मुलांनो, वर्गांतील एखादा सोबती उपचारानंतर परत आला तर त्याच्या बाकावर आधीं तुम्हीं जाऊन बसावें.

राहिला शिधा. २०२२ पासून कोणाहि नागरिकास वा संस्थेस निक्षय मित्र म्हणून नांव नोंदवून एखाद्या रोग्याच्या आहाराचा भार निदान सहा महिने उचलतां येतो. आपली शाळा ही अशी संस्था कां होऊं नये? स्नेहसंमेलनांत मंडपाच्या रोषणाईवर आपण जें खर्चितों, त्यांतून कांहीं कुटुंबांच्या डाळतांदुळाची सोय खचित होईल. शिधा रोग्यापुरता न देतां घरच्या सर्वांना पुरेल असा द्यावा, आणि देतांना छायाचित्रें काढूं नयेत, एवढीच माझी सूचना आहे.

आनंदीबाईंच्या काळीं औषध नव्हतें. म्हणून त्यांच्यासाठीं हळहळण्यापलीकडे कोणी फारसें कांहीं करूं शकलें नाहीं. आपल्या काळीं औषध आहे, धान्य आहे, ज्ञान आहे. हीं सर्व असूनहि आज एखादी विशीची मुलगी क्षयानें गेली, तर दोष जंतूचा किती आणि आपला किती, ह्याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या ताटावर बसण्यापूर्वीं करावा.