मुक्त प्रणालीस अनुकूल फलक

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील हा पहिला महासंगणक असून तो पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने उभारला. महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. तो अनेक संगणकांचा मेळ असतो. येथील प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डावर, म्हणजे मुख्य फलकावर, दोन प्रोसेसर आहेत व प्रत्येकात २० गाभे आहेत. या ४० कामकऱ्यांवर देखरेख करणारी प्रणाली लिनक्स ही होय. ती युनिक्सच्या धर्तीची व मुक्त आहे. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता व सुधारता येते.

दोन प्रोसेसर बसविले की काम आपोआप दुप्पट होते, असे मात्र नाही. फलकावर प्रोसेसर किती, त्यांना निरोप कसा पोहोचवावा, कोणती स्मृती कोणास जवळची, हे प्रणालीस कळावे लागते. ही माहिती फलकावरील फर्मवेअर ठरावीक तक्त्यांत मांडून ठेवते. तक्त्यांचा नमुना प्रसिद्ध झालेला होता, म्हणूनच त्यांचा उपयोग मुक्त प्रणालीच्या कर्त्यांना करता आला. १९९६ साली निघालेल्या लिनक्सच्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर चालविण्याची सोय झाली. तक्त्यातच चूक असेल, तर दुसरा प्रोसेसर डोळ्यांना दिसतो, परंतु प्रणालीच्या लेखी तो नसतो!

म्हणूनच आमचे मत असे की, ‘लिनक्सला अनुकूल’ एवढ्या विक्रेत्याच्या शब्दावर सार्वजनिक पैशाने फलक विकत घेऊ नयेत. त्याची माहितीपत्रके खुली असावीत आणि खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चाचणी व्हावी. ‘एलएससीपीयू’ ही साधी आज्ञा दिली असता लिनक्स आपणांस किती प्रोसेसर व गाभे दिसतात ते सांगते. ही परीक्षा शाळेतील विद्यार्थ्यासही करता येईल.

माहिती उघड केल्यास व्यापारी गुपिते फुटतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु फलकाशी कसे बोलावे हे सांगणे निराळे आणि तो कसा घडविला हे सांगणे निराळे. शिवाय यंत्राचे आयुष्य व प्रणालीच्या आवृत्तीचे आयुष्य सारखे नसते. सेंटॉस ७ या लिनक्सच्या प्रकाराची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. यंत्रे मात्र त्या दिवशी निकामी झाली नाहीत. ज्या फलकाची माहिती खुली आहे, त्यावर नवी आवृत्ती बसविता येते. ज्याची माहिती गुप्त आहे, तो निर्मात्याने पाठ फिरविताच अडगळ होण्याचा धोका असतो.

सी-डॅकने आता ‘रुद्र’ हा दोन प्रोसेसरांचा स्वदेशी सर्व्हर घडविला असून, त्यावर आधारलेले तीन महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संस्थांसाठी राष्ट्रार्पण झाले. फलक आपला झाला ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्याची माहितीही अभ्यासकांस खुली राहील, तेव्हाच ते स्वावलंबन पुरे झाले असे म्हणता येईल.